येशू होऊन गेला की रचला गेला? बाजू ठरवू पाहणाऱ्यासाठी

ख्रिस्ती धर्माच्या मुळाशी एखादा हाडामांसाचा माणूस होता, की आधी एक स्वर्गीय तारणारा होता आणि आई, गाव, शिष्य, चरित्र हे सगळं त्याला मागाहून मिळालं? या वादावर ज्यांनी चार व्याख्यानं ऐकली आहेत, एखादं पुस्तक चाळलं आहे आणि आता एकदाचं कुठेतरी बसायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शुभवर्तमानं कोणती, पौल कोण, मार्क आधीचा की योहान, हे माहीत आहे असं धरतो. पाण्यावरून चालणं, रिकामी कबर वगैरे विषय इथे नाहीत. दोन्हीकडची जाणती माणसं त्यावर वेळ घालवत नाहीत. मी स्वतः एका बाजूला जाऊन बसलो आहे, पण दुसऱ्या बाजूचं जे आवडलं ते झाकून ठेवणार नाही.

इतिहासवादी, म्हणजे येशू खरोखर होऊन गेला असं मानणारे, म्हटलं की आपल्याकडे लोकांना पाद्री आठवतो. प्रत्यक्षात या बाजूचे आज सर्वांत जास्त ऐकले जाणारे बार्ट अर्मन श्रद्धा सोडून बसलेले आहेत, मॉरिस केसी यांनी तरुणपणीच ख्रिस्ती धर्म सोडला होता आणि गेझा व्हर्मेश ज्यू. ही मंडळी ज्याच्यासाठी भांडतात तो येशू फार लहान आहे. गालीलातला एक ज्यू उपदेशक, योहानाकडून बाप्तिस्मा घेतलेला, इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा कारभार पाहणाऱ्या पिलाताने क्रुसावर दिलेला, आणि ज्याची माणसं तो गेल्यावरही पांगली नाहीत. बस्स, एवढाच.

समोर मिथकवादी. त्यांचं आजचं म्हणणं असं, की पहिल्या विश्वासणाऱ्यांचा ख्रिस्त हा स्वर्गातला होता. त्याची ओळख जुन्या शास्त्रांतून आणि साक्षात्कारांतून झाली, त्याला आकाशाच्या खालच्या थरातल्या दुष्ट शक्तींनी मारलं, आणि इ. स. ७० च्या सुमारास यरुशलेमचं मंदिर पडल्यावर मार्कने त्याला जमिनीवर उतरवून गालीलात फिरवलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या काळच्या ज्यू साहित्यात आकाशाचे सात थर, तिथले देवदूत, तिथली युद्धं हे सगळं भरपूर आहे. त्यामुळे 'हे कसं शक्य आहे' म्हणून झटकून टाकण्यासारखं हे मत नाही.

आपल्याकडे तिसराही एक मार्ग आहे. बाबाराव सावरकरांनी येशूला तमिळ ब्राह्मण ठरवलं, पु. ना. ओकांनी ख्रिस्तात कृष्ण पाहिला, आणि येशू भारतात येऊन राहिला असं सांगणारी हेमिसच्या मठाची व श्रीनगरच्या रोझाबलची गोष्ट तर दर काही वर्षांनी फिरून येते. ज्यांना ती हवी त्यांनी खुशाल घ्यावी. या तुलनेत मी ती धरलेली नाही.

वाचायला म्हणाल तर मिथकवादी कधीही सरस. ही परंपराच बंडखोरांची. ब्रुनो बाउअरला शुभवर्तमानांच्या चिकित्सेपायी १८४२ मध्ये बॉन विद्यापीठात शिकवण्याची परवानगी गमवावी लागली, आणि पुढे तो येशू नव्हताच इथपर्यंत पोचला. १९०९ मध्ये आर्थर ड्रेव्ज या कार्ल्सरूहच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने त्यावर पुस्तक काढलं, आणि लगेच १९१० च्या जानेवारीअखेरीस बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात यावर जाहीर वादसभा रंगली. कल्पना करा, येशू होता का यावर रात्री जागवणारं शहर! पुढे सोव्हिएत रशियात हेच मत जवळजवळ सरकारी होऊन बसलं, आणि तिथे त्यातली बंडखोरी संपली. अलीकडच्यांपैकी जी. ए. वेल्स हे लंडनच्या बर्कबेकमधले जर्मनचे प्राध्यापक. त्यांच्या लिखाणात आरडाओरडा नसतो म्हणून मला ते सर्वांत भावले. १९९० च्या दशकात त्यांनी आपलं मत बरंच मऊ केलं: शुभवर्तमानांतल्या वचनांमागे कुणी गालीलातला उपदेशक असू शकतो, फक्त पौलाचा ख्रिस्त तो नव्हे. त्यानंतर अर्ल डोहर्टी, आणि २०१४ मध्ये रिचर्ड कॅरिअर. कॅरिअरने संभाव्यतेचं गणित मांडून येशू असण्याची शक्यता फार तर तीनात एक, असा निकाल दिला. त्या गणिताविषयी एवढंच म्हणतो, की आकडे आत टाकणारा माणूस जे मानतो तेच बाहेर येतं. हे मी टीका म्हणून म्हणत नाही. दुसऱ्या बाजूने गणित मांडलं असतं तरी तेच झालं असतं.

या परंपरेचं एक जुनं प्रकरण मराठी वाचकाने मुद्दाम पाहावं. १८७५ मध्ये केर्सी ग्रेव्हज नावाच्या अमेरिकन लेखकाने येशूच्या आधी क्रुसावर गेलेल्या सोळा तारणाऱ्यांची यादी दिली. तीत कृष्ण आहे. प्रभासक्षेत्री जरा व्याधाचा बाण पायाला लागून देह ठेवणारा कृष्ण क्रुसावर कधी गेला, असं आपण विचारेपर्यंत थोडं पुढे आणखी एक नाव येतं, आणि ते चक्क विठोबा! 'तेलंग देशातला विठोबा', क्रुसावर इ. स. पू. ५५२ मध्ये. कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं उभा असलेला देव या यादीत आला कसा, याचा माग मी काढला, आणि तो थेट मुंबई इलाख्यात येऊन पोचला. कंपनीच्या मुंबई फौजेतला एडवर्ड मूर हा अधिकारी देवादिकांच्या मूर्ती आणि चित्रं जमवायचा. १८१० मध्ये त्याने हिंदू दैवतांवर मोठा ग्रंथ छापला. त्याच्याकडे कुणीतरी एक प्रतिमा आणून दिली होती. पायाला भोक. त्याने आपल्या पंडिताला विचारलं, हा कोणता अवतार? पंडिताने ती उलटीसुलटी करून पाहिली, आपल्याला ठाऊक नाही म्हणाला, आणि पायाच्या भोकावरून विठोबा असेल कदाचित, असा अंदाज केला. (पंढरपुरात विठ्ठलाच्या पायावर मुक्तकेशीच्या बोटाची खूण दाखवतात, पंडिताच्या डोक्यात बहुधा तीच असावी.) मूरने स्वतः लिहून ठेवलं आहे, की ही प्रतिमा उघडच क्रुसावरच्या येशूची आणि युरोपीय बनावटीची आहे. पण गॉडफ्री हिगिन्सच्या १८३६ च्या ग्रंथाने ती उचलली, आणि ग्रेव्हजपर्यंत येता येता एका भिडस्त पंडिताच्या 'असेल कदाचित'चं साल-तारखेसह क्रुसारोहण झालं.

न्याय म्हणून सांगायला हवं, की आजचे गंभीर मिथकवादी ग्रेव्हजला जवळ करत नाहीत. कॅरिअरने त्याच्यावर सडकून लिहिलं आहे. पण समाजमाध्यमांवर पंचवीस डिसेंबरला जे संदेश फिरतात, मिथ्रा या रोमी काळातल्या देवालाही कुमारीपोटी जन्म, मिसरच्या होरस देवालाही बारा शिष्य, ते त्याच जातकुळीचे. मिथ्रा खडकातून जन्मतो. त्याच्या देवळांत तशी शिल्पंच आहेत. तेव्हा मिथकवादी बाजू घ्यायची तर ही तळाची आवृत्ती घेऊ नका. वरची घ्या.

आणि वरची खरोखर चांगली आहे. तिचा सर्वांत जड मुद्दा पौलाच्या गप्प राहण्याचा. पौलाची म्हणून निर्विवाद मानली जाणारी सात पत्रं इ. स. ५० ते ६० च्या आसपासची, म्हणजे शुभवर्तमानांच्या आधीची. त्यांत नासरेथ नाही, मरिया नाही, पिलात नाही, एकही दाखला नाही, एकही रोगी बरा होत नाही. जिथे येशूचं एखादं वाक्य त्याच्या अगदी उपयोगी पडलं असतं, तिथेही तो जुन्या शास्त्रातलं वचन काढतो. घटस्फोट आणि प्रभुभोजन अशा मोजक्या जागा सोडल्या तर 'प्रभू म्हणाला' असं तो म्हणतच नाही. आपली सुवार्ता माणसाकडून नव्हे, साक्षात्काराने मिळाली असं तो छाती ठोकून सांगतो. मी सातही पत्रं या एकाच प्रश्नासाठी पुन्हा वाचली तेव्हा ही पोकळी अंगावर आली. मिथकवाद्यांचे मी उपकार मानतो ते यासाठी. त्यांनी डिवचलं नसतं तर पौल इतक्या बारकाईने वाचला गेला नसता.

दुसरा मुद्दा मार्कच्या क्रुसाच्या प्रसंगाचा. स्तोत्रसंहितेतलं बाविसावं स्तोत्र शेजारी उघडून ठेवा. कपडे वाटून घेऊन चिठ्ठ्या टाकणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माना डोलावून हिणवणं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', हे तिन्ही तिथे आहे, आणि मार्कने ते शेवटाकडून सुरुवातीकडे वापरलं आहे: स्तोत्राची पहिली ओळ मार्ककडे सर्वांत शेवटी येते. साक्षीदाराची आठवण अशी येत नाही, लेखकाचा हात असा दिसतो. इतिहासवादी म्हणतात, घटना खरी, वर्णन शास्त्रातून घेतलेलं. असेलही. पण मग त्या वर्णनातलं काय उरलं हे त्यांनी सांगावं, आणि तिथे ते चाचरतात.

इतिहासवाद्यांचं मला सर्वांत खटकलं ते त्यांचं अवजार. अमक्या ओळीने लेखकाची पंचाईत होते म्हणून ती खरी, तमकी दोन ठिकाणी आहे म्हणून खरी, अशा निकषांच्या चाळण्या लावून त्यांनी वर्षानुवर्षं येशूचे खरे शब्द वेगळे काढले. अमेरिकेत १९८५ मध्ये रॉबर्ट फंक यांनी सुरू केलेल्या एका मंडळाने तर रंगीत मणी टाकून मतदान घेतलं: लाल म्हणजे नक्की त्याचंच, गुलाबी म्हणजे बहुधा, करडा म्हणजे बहुधा नाही, काळा म्हणजे नाहीच. साधारण अठरा टक्के वचनं पास झाली. इतिहास मण्यांनी ठरवायचा म्हटल्यावर हसू येणारच. आणि ज्याचा येशू त्याच्यासारखा दिसतो ही तक्रार तर शंभर वर्षं जुनी. १९०९ मध्ये जॉर्ज टिरेलने लिहिलं होतं, की हे विद्वान खोल विहिरीत डोकावतात आणि तळाशी त्यांना स्वतःचाच उदारमतवादी प्रोटेस्टंट चेहरा दिसतो. आज कुणाला क्रांतिकारक येशू सापडतो, कुणाला फिरता तत्त्वज्ञ, कुणाला जगबुडी सांगणारा.

'सगळे तज्ज्ञ आमच्या बाजूला आहेत' हेही मला पटत नाही, निदान जितक्या जोरात म्हटलं जातं तितकं नाही. या विषयाच्या कितीतरी जागा धर्मसंस्थांच्या पैशावर चालतात. थॉमस ब्रॉडी हे आयर्लंडचे डोमिनिकन धर्मगुरू. येशू ऐतिहासिक नव्हता असं त्यांनी २०१२ मध्ये जाहीर लिहिलं, आणि त्यांच्या संघाने त्यांचं शिकवणं आणि लिहिणं थांबवलं. अशा हवेतलं एकमत थोडं कमी वजनाचं धरायला हवं. शून्य मात्र धरू नये. अर्मन किंवा व्हर्मेश यांना कुणाची भीती होती?

बाहेरच्या साक्षी झटपट उरकतो, कारण त्यांनी माझा काटा फारसा हलवला नाही. रोमी इतिहासकार टॅसिटस इ. स. ११६ च्या सुमारास पिलाताचं नाव घेतो, पण त्याचा हुद्दा चुकवतो. १९६१ मध्ये कैसरियाला सापडलेल्या शिलालेखात पिलात 'प्रीफेक्ट' आहे, टॅसिटस त्याला 'प्रोक्युरेटर' म्हणतो. म्हणजे सरकारी दप्तर पाहून लिहिलेलं नसावं. जोसेफस या पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथाच्या अठराव्या भागातला येशूवरचा परिच्छेद ख्रिस्ती नकलनविसांच्या हातून गेलेला आहे हे दोन्ही बाजूंना मान्य. किती मूळचा आणि किती मागून घातलेला, एवढाच वाद. विसावा भाग वेगळा, त्याच्याकडे येतोच.

जोसेफसमध्येच आणखी एक येशू आहे. हनन्याचा मुलगा, गावंढळ शेतकरी. इ. स. ६२ च्या मांडवांच्या सणात तो मंदिरात उभा राहून ओरडायला लागला: यरुशलेमचा धिक्कार, मंदिराचा धिक्कार. शहरातल्या मोठ्या लोकांनी त्याला पकडून चोपला, मग रोमी सुभेदार अल्बिनसपुढे उभा केला. हाडं दिसेपर्यंत फटके मारले. तू कोण, कुठला, या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही. वेडा म्हणून सोडून दिला. तो सात वर्षं तेच ओरडत फिरत राहिला आणि वेढ्यात रोमी यंत्राचा दगड लागून मेला. मिथकवादी म्हणतात, बघा, मार्कने येशूची चौकशी या माणसावर बेतली: सण, मंदिर, धिक्कार, मौन, फटके, सगळं जुळतं. इतिहासवादी म्हणतात, बघा, त्या काळच्या यरुशलेमात अशी माणसं होत होती आणि त्यांचं असंच होत होतं. एकाच उताऱ्यावर दोन्ही वकील खूश. हा उतारा मी कितीदा तरी वाचला असेल, आणि दर वेळी मला दुसऱ्याचं जास्त पटत गेलं. असा माणूस असायला काही आकाश फाटावं लागत नव्हतं.

जन्मगावाचंही तसंच. मत्तयच्या मते कुटुंब मुळातच बेथलेहेमचं, हेरोदाच्या भीतीने मिसरात पळालेलं, आणि परतताना नासरेथला गेलेलं. लूककडे ते मूळचं नासरेथचं, आणि क्विरिनियसच्या शिरगणतीसाठी बेथलेहेमला आलेलं. ती शिरगणती इ. स. ६ ची, हेरोद मेला इ. स. पू. ४ मध्ये. दोघांना बेथलेहेम हवं आहे, कारण मसीहा दावीदाच्या गावचा हवा; आणि दोघांच्या गळ्यात नासरेथ पडलेलं आहे. ज्या खेड्याचं नाव जुन्या शास्त्रात नाही, जोसेफसमध्येही नाही, ते स्वर्गीय तारणाऱ्याला कोण कशाला देईल? हे खेडं तेव्हा नव्हतंच असंही काही मिथकवादी म्हणत. २००९ मध्ये तिथे त्या काळातलं घर उकरून निघाल्यापासून तो आवाज बराच खाली आला आहे.

इथपर्यंत काटा थोडा इकडे, थोडा तिकडे. तो बसला तो एका कटकटीवर, आणि ती कटकट म्हणजे याकोब.

गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय काढा. पौल चिडलेला आहे. यरुशलेमच्या लोकांकडूनच हा सगळं शिकला, असं कुणीतरी त्याच्याविषयी पसरवलं आहे, आणि त्याला सिद्ध करायचं आहे की आपला त्यांच्याशी फारसा संबंधच नव्हता. म्हणून तो भेटींचा हिशेब देतो. साक्षात्कारानंतर तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो, केफाकडे (म्हणजे पेत्राकडे) पंधरा दिवस राहिलो, प्रेषितांपैकी दुसरा कुणी पाहिला नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब तेवढा दिसला. आणि लगेच शपथ: देवासमक्ष सांगतो, खोटं बोलत नाही. दुसऱ्या अध्यायात चौदा वर्षांनी पुन्हा तिथेच: याकोब, केफा आणि योहान हे तिघे 'आधारस्तंभ'. यादीत पहिलं नाव याकोबाचं. मग अंत्युखियाचा प्रसंग. केफा परजातीयांबरोबर, म्हणजे ज्यू नसलेल्यांबरोबर, खुशाल जेवत असतो. याकोबाकडची काही माणसं येतात, आणि केफा पंगतीतून उठून बाजूला होतो. पौल त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतो.

ही दोन पानं मी ओळखीतल्या काही जणांना, वाद काय आहे ते न सांगता, वाचायला दिली. त्यांत एक पक्का नास्तिक मित्र होता, आणि शेजारच्या वारकरी घरातल्या काकू होत्या. मित्राने खांदे उडवले आणि म्हणाला, भाऊ म्हणजे भाऊ, त्यात काय एवढं. काकू मात्र याकोबातच रमल्या. "सगळे त्याला दबकून आहेत बघा," त्या म्हणाल्या. "भावाच्या माघारी भावाने गादी चालवली म्हणायची." आता काकू म्हणजे काही प्रमाण नव्हे. पण हा मजकूर कोऱ्या मनाने वाचणाऱ्याला काय वाटतं, याचं माझ्यापाशी दुसरं मोजमाप नाही.

मिथकवाद्यांना हा भाऊ चालत नाही. चालणारच नाही, आकाशात मारल्या गेलेल्याला यरुशलेममध्ये राहणारा भाऊ कुठून येणार? म्हणून प्रत्येकजण त्याची आपापली वासलात लावतो. वेल्स आणि डोहर्टी म्हणतात, 'प्रभूचे भाऊ' नावाचा एक गट असावा आणि याकोब त्यातला. कॅरिअर म्हणतो, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येकजणच प्रभूचा भाऊ; हा याकोब म्हणजे प्रेषित नसलेला एक साधा विश्वासणारा, आणि पुढच्या अध्यायातला आधारस्तंभ याकोब हा दुसरा. कुणी म्हणतं, ते शब्दच मागून घातलेले. यांतलं एकेक उत्तर सुटं घेतलं तर अशक्य नाही. पौल विश्वासणाऱ्यांना भाऊ म्हणतोच, आणि ख्रिस्ताला पुष्कळ भावांतला ज्येष्ठही म्हणतो. पण मग केफा कोण? तोही विश्वासणाराच ना? एकाच वाक्यात याकोब प्रभूचा भाऊ आणि केफा नुसता केफा, असं का? करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तर इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा अशी तीन टोकं वेगळी दिलेली आहेत. यावरही उत्तर आहे: भाऊ म्हणजे प्रेषितपद नसलेले. बरं. आणि पंधरा-वीस वचनांच्या आत एक याकोब जाऊन दुसरा आला हे पौलाने सांगितलं का नाही? यावरही उत्तर आहे.

हेच ते. प्रत्येक गोष्टीवर उत्तर आहे. रोमकरांस पत्रात ख्रिस्त देहाने दावीदाच्या वंशातला आहे, तर कॅरिअर म्हणतो, देवाने दावीदाचं बीज स्वर्गात जपून ठेवून त्यातून त्याचा देह घडवला असेल. गलतीकरांत तो स्त्रीपासून जन्मलेला आहे, तर ती स्त्री रूपक, कारण त्याच अध्यायात पुढे हागार आणि सारा रूपक आहेत. (हे मला खरोखर विचार करायला लावणारं वाटलं.) पण अशा सवलती देत देत गेल्यावर माझी साधी ओळ साधेपणाने वाचायची सवयच जायला लागली. दर वचनापाशी थांबून वाटायचं, आता इथे काय काढतील? इतिहासवाद्यांच्या मण्यांची मला चीड आली, पण त्यांनी निदान मला पौल वाचताना अडवलं नाही.

गंमत अशी, की याकोबाला सख्खा भाऊ मानायला आणखी एका मोठ्या पक्षाची तयारी नाही, आणि तो पक्ष म्हणजे कॅथलिक चर्च. मरिया अखंड कुमारी, तर तिला दुसरा मुलगा कसा? इ. स. ३८३ च्या सुमारास जेरोम या धर्मपंडिताने हेल्विडियसला उत्तर देताना हे भाऊ मरियेच्या बहिणीची मुलं ठरवले. वसईच्या एका कॅथलिक मित्राला मी हे विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला, आम्हाला धर्मशिक्षणात मावसभाऊच शिकवलंय. आपल्या प्रश्नापुरतं तेही पुरेसं आहे. मावसभावालाही मावशी लागते, आणि मावशी आकाशात नसते.

आता जोसेफसचा विसावा भाग. इ. स. ६२. सुभेदार फेस्तस मेला आहे, अल्बिनस अजून वाटेत आहे. या मधल्या पोकळीत महायाजक हनानस सभा भरवतो आणि 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ, याकोब नावाचा' आणि आणखी काहींना दगडमार करवतो. शहरातल्या कायदा मानणाऱ्या लोकांना ते आवडत नाही, तक्रार जाते, हनानसचं पद जातं. कॅरिअर म्हणतो, 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या' हे शब्द कुणा नकलनविसाने समासातून आत आणले. मूळ येशू म्हणजे त्याच उताऱ्यात पुढे महायाजक झालेला दम्नयाचा मुलगा. युक्तिवाद सफाईदार आहे. पण जोसेफसचा जन्म इ. स. ३७ चा. त्या वर्षी तो पंचविशीचा, याजक घराण्यातला, त्याच शहरात. हे त्याने कुठल्या ख्रिस्ती पोथीत वाचलं नसावं. त्याच्या आळीतली बातमी होती. आणि पौलाच्या पत्रातला भाऊ आणि जोसेफसमधला भाऊ, दोन एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या लिखाणात, एकाच नावाचा, एकाच शहरात. दोघांसाठी दोन वेगळ्या सवलती द्यायला माझा हात धजला नाही.

काकूंच्या गादीचं पुढेही आहे. दुसऱ्या शतकातल्या हेगेसिप्पसच्या हवाल्याने चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो, की याकोबानंतर यरुशलेममध्ये क्लोपासचा मुलगा शिमोन आला, तोही नात्यातला. आणि यहूदा नावाच्या दुसऱ्या भावाचे नातू सम्राट डोमिशियनपुढे उभे केले गेले. दावीदाचे वंशज म्हणता, मग तुमची संपत्ती किती? त्यांनी एकोणचाळीस प्लेथ्रा जमीन सांगितली आणि हाताला पडलेले घट्टे दाखवले. सम्राटाने त्यांना क्षुल्लक समजून सोडून दिलं. दंतकथा असेल, मी तिच्यावर काही उभं करत नाही. फक्त स्वर्गीय तारणाऱ्याच्या नातेवाइकांच्या हाताला घट्टे कशासाठी लागतात, हे मला कळत नाही.

तर कुणी काय घ्यावं? ज्यांना शुभवर्तमानं साहित्य म्हणून वाचायची आहेत, मार्कने जुनं शास्त्र कसं कापून शिवलं ते पाहायचं आहे, त्यांनी मिथकवाद्यांकडे जावं. तिथे जास्त मिळेल, आणि निष्कर्ष नाही पटला तरी नुकसान नाही. देव नाही हे आधीच ठरलेलं असल्याने येशूही नसावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी मात्र जरा थांबावं, कारण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. बाकीच्यांसाठी मी दबक्या आवाजात इतिहासवादी बाजू सुचवीन, तीही तिच्या कमीत कमी दाव्यांपुरती. त्याच्या बोलण्यातलं काय खरं, हे मण्यांवर सोडून द्या.

सुरुवात वेल्सच्या उत्तरायुष्यातल्या पुस्तकापासून करा, मग अर्मन, मग दम असेल तर कॅरिअर. त्याआधी गलतीकरांचे पहिले दोन अध्याय एका बैठकीत वाचा, टिपा झाकून. मला विचाराल तर उद्या एखादी जुनी प्रत निघाली आणि तिच्या पहिल्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात 'प्रभूचा भाऊ' नसला, तर मी पुन्हा विचार करायला बसेन. सध्या या पत्राची सर्वांत जुनी म्हणून जी प्रत हाती आहे, ती इ. स. २०० च्या सुमाराची, पपायरसावरची. तिच्यात तो आहे.